घरच्या चरवीला नाक लावलं न्हाय

आमच्या घराच्या पडवीत गावच्या दुधाचं केंद्र व्हतं. केंद्र म्हणलं की आता लोकांच्या डोळ्यापुढं मशिन येतं, फरशी येती, पंखा येतो. आमच्याकडं एक फळी व्हती. तिच्यावर लिटरचं माप, अर्ध्या लिटरचं माप, दूध गाळायचं पांढरं फडकं अन् डिगरी बघायची काचेची नळी. ती नळी चांगल्या दुधात तरंगायची अन् पाणी घातलेल्या दुधात खाली बसायची. फळीखाली कॅन. गावातल्या पंधरा-सोळा घरांचं दूध सकाळ-संध्याकाळ त्यात वतायचं अन् टेम्पो आला की कॅन हायवेनं इंदापूरच्या अंगाला चिलिंगला जायचा. तितं दूध तपासून थंड करायचे, मग टँकरनं पुढं पाठवायचे. आमचं गाव डाळजपासनं कोसभर आत. गावाचं नाव मी घालणार न्हाय. त्यातली माणसं गेली, पर त्यांची नातवंडं हायत. नात हे लिहून घेतीया, ती म्हणती आजी, साल तरी सांग. साल मला म्हाईत न्हाय. तवा आमच्याकडं जरशी गाया नव्या नव्या आल्या व्हत्या अन् माझी शाळा चौथीत सुटून दोन-तीन वरसं झाली व्हती, एवढंच म्हाईत हाय.

तात्या म्हंजी माझा बाप. केंद्र त्याच्या नावावर. डिगरी त्यो बघायचा, माप त्यो घालायचा, पर दुधाचा वास घ्यायचं काम माझ्याकडं व्हतं. त्याला तपकिरीचा नाद, त्यामुळं नाक निकामी. शेण अन् साजूक तूप त्याला सारखंच. अन् चिलिंगवाल्यानी तर सांगितलेलं, नळी पाणी दाखवती, बाकीचं नाकानं अन् जिभेनंच कळतं, एका घरचं खराब दूध अख्खा कॅन घालवतं. मला ते कसं कळायचं ते मला बी सांगता यायचं न्हाय. दुधाची चरवी नुसती तोंडाजवळ आणली की कळायचं, हिच्या गायीनं कांद्याची पात खाल्लीया, ह्यानं रॉकेल लागल्या हातानं धार काढलीया, हिनं संध्याकाळचं उरलेलं सकाळच्यात ढकललंय. जिभंला थेंब लावला अन् खारट लागला की समजायचं, कासंला दगडी झालीया, कास सुजलीया. मी म्हणायची, "मावशी, आज न्हाय चालायचं." बाया कुरकुर करायच्या, पर घरी जाऊन बघायच्या तर खरंच तसं निघायचं. मग चेष्टा सुरू. एक म्हातारी म्हणायची, "शकू, लग्नात नवऱ्याला बी हुंगून घे गं बाई, मागनं परत न्हाय करता येत." मला हसू यायचं. खरं सांगायचं तर मला गर्व झाला व्हता. घरात मला कोण इचारत न्हवतं, भाकरी थापायची, शेण काढायचं, गप बसायचं. पडवीत मातर बाप्ये माणसं चरवी पुढं धरून माझ्या तोंडाकडं बघत उभी राहायची.

पडवीतली सकाळ मला अजून ऐकू येती. चरव्यांच्या कड्या, कॅनाच्या झाकणाचा ठण्णकन आवाज, आत आई बाजरीची भाकरी थापती त्याचा थपथप, गोठ्यात वासराचं हंबरणं. दूध गाळून झालं की फडक्याला फेस राहायचा, त्यो मी बोटानं पुसून मांजरापुढं धरायची. तात्याला न्ह्याहरीला शिळी भाकरी अन् ताजं दूध लागायचं, वर लसणाची चटणी. दुधात चटणी कालवून खाणारा माणूस मी दुसरा बघितला न्हाय.

आता कॅनाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच हाय. केंद्र गावात आलं तवा बौद्धवस्तीतल्या चार घरांनी बी गाया घेतल्या व्हत्या. गावातल्या काही लोकांनी तात्याला म्हणलं, त्यांचं दूध येगळ्या कॅनात घे. त्यावर डेअरीकडनं कॅन घिऊन आलेला माणूस म्हणला, "दूध एका कॅनात बसत नसंल तर मी केंद्र शेजारच्या गावाला देतो." झालं. तवापासनं एकच कॅन. वस्तीतली गयाबाई पहिल्या दिवशी दूध घिऊन आली तवा फळीपाशी उभी राहून तिनं आपल्या हातानं चरवी कॅनात वतली, धार मोडू न देता, शेवटचा थेंब निथळेस्तोवर. आई दारातनं बघत व्हती. आत येऊन म्हणली, "बाईनं नव्या लुगड्यात दूध आणलंय गं." बाबूराव म्हणून आमच्या भावकीतला एक माणूस व्हता, त्यानं मातर तवापासनं आपलं दूध सगळ्यात आधी आणायचा नेम धरला. त्याचं दूध खाली राहावं म्हणून. जसं काय वरचं दूध खाली उतरतच न्हाय.

गयाबाईचा नवरा कारखान्यावर हंगामी कामाला असायचा, लेक बारामतीला शिकाया ठेवलेली. घरात ती अन् तिची गाय. तिच्याइतकी सवच्छ चरवी गावात दुसरी न्हवती. राखेनं घासायची, कढत पाण्यानं धुवायची, उन्हात पालथी घालायची. तिच्या दुधाला दुधाचाच वास यायचा, दुसरा कसलाच न्हाय. हे माझ्याशिवाय कुणाला एवढं पक्कं म्हाईत न्हवतं. आमी पोरी तिला नुसतं गया म्हणायचो. बाकी बायांना मावशी, काकू, अन् तिला गया. आईनं एक-दोनदा टोकलं, पर जीभ वळली न्हाय. ह्याचं मला तवा काय वाटायचं न्हाय, ते लिहून ठेव.

त्या साली आमची जरशी पहिल्यांदा व्याली. कालवड झाली. घरात आनंद, तात्यानं गायीला नारळ ओवाळला. नव्या व्यालेल्या गायीचं पहिलं दूध म्हंजी चीक. तापवला की त्यो फाटतो, गोठतो, म्हणून त्याचा खरवस करायचा. पाच दिवस चीक डेअरीला घालायचा न्हाय, असा नियम. गावात बी रीत हाय, चीक वाटायचा. शेजारी भांडं भरून द्यायचं अन् त्यांनी ते रिकामं परत करायचं न्हाय, चिमूटभर गूळ तरी टाकायचा. पहिल्या दोन दिवसांचा चीक पिवळाधमक, घट्ट. तो आईनं आळीत वाटला. तिसऱ्या दिवशी त्याचा रंग उतरला, लांबनं बघितलं तर दूधच वाटावं. त्याचा खरवस आई मोरगावच्या माझ्या आत्यासाठी करणार व्हती, ती यष्टीनं दुपारी यायची व्हती.

आमच्याकडं चीक धरायला अन् म्हशीचं दूध धरायला दोन चरव्या व्हत्या, दोन्ही आईच्या लग्नातल्या, एका मापाच्या. त्या सकाळी दोन्ही चुलीपाशी शेजारी शेजारी ठेवलेल्या, वर फडकं. तात्या पडवीतनं वरडला, "शकू, आपलं दूध आण आधी, लोक यायला लागले." नियम असा व्हता की केंद्र चालवणाऱ्यानं आपल्या घरचं दूध सगळ्यांच्या समोर मापायचं, सगळ्यांच्यासारखं तपासून. पर आमी ते कवाच करत न्हवतो. घरचंच दूध, लोक यायच्या आत वतून मोकळं. मी एक चरवी उचलली, फडकं काढलं, कॅनात वतली. गावातल्या पंधरा घरच्या चरव्यांना मी रोज नाक लावत व्हते. आमच्या चरवीला कवाच लावलं न्हवतं. आपल्या घरच्या दुधाला कोण हुंगतं?

दुपारी आत्या आली. आईनं दुसरी चरवी काढली, गूळ-वेलदोडा घातला, पातेल्यात पाणी ठिवून वर भांडं वाफंला लावलं. बराच येळ झाला तरी खरवस धरंना. आईनं झाकण काढून बघितलं, परत लावलं, इस्तू वाढवला. आत्या म्हणली, "वहिनी, ह्यो खरवस हाय का चहाचं दूध?" आईनं सुरी घातली. नुसतं गोड दूध. आई सुरीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं बघितलं.  सकाळी म्या चीक कॅनात वतला व्हता अन् म्हशीचं दूध घरात राहिलं व्हतं. आई आत्याला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच म्हणली, "थोडासाच हाय, पन्नास लिटरात मिसळंल. काय व्हायचं न्हाय. तात्याला आता सांगू नगस." मी मान हलवली. त्या 'मिसळंल'वर आमी दोघींनी दुपार काढली.

दिवस मावळायच्या आधी टेम्पोचा हॉर्न वाजला. संध्याकाळचं दूध घालाया पडवीत सगळे जमले व्हते. शिवा म्हणून टेम्पोवाला व्हता, त्यानं सकाळचा आमचा कॅन खाली उतरवला, भरलेलाच. झाकणावर लाल खडूची फुली. "तात्या, परत आलाय. तितं नळीत घालून उकळलं तर सगळं फाटलं, गाठीच गाठी. साहेब म्हणले, असलं दूध टाकीत घातलं असतं तर टाकीच गेली असती."  परत आलेला कॅन म्हंजी गावाची अब्रू. पंधरा घरची सकाळ त्यात व्हती. तात्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्याला खरंच काय म्हाईत न्हवतं. त्यानं माझ्याकडं वळून इचारलं, "शकू, सकाळी कुणाच्या चरवीला वास व्हता?"

 आई दारात उभी, पदर तोंडावर धरून. बाबूराव खांबाला टेकून म्हणला, "पोरीला काय इचारतो तात्या? एका कॅनात सगळ्यांचं घालतूया, मी आधीच म्हणलं व्हतं." असं म्हणताना त्यानं मान वळवली अन् गयाबाईकडं बघितलं. त्याच्या मागं सगळ्यांनीच तिकडं बघितलं. उतार जिकडं असंल तिकडं पाणी जातं, त्याला कुणी वाट दाखवावी लागत न्हाय. म्या म्हणले, "गयाच्या चरवीला आंबूस वास व्हता."

एवढंच. मला कुणी शिकवलं न्हवतं, कुणी मारलं न्हवतं, कुणी दम दिला न्हवता. तात्यानं जर फिरून इचारलं असतं, मग सकाळी का घेतलंस, तर मी अडकली असती. कुणीच इचारलं न्हाय. त्यांना पाहिजे ते त्यांना मिळालं व्हतं.

गयाबाई भांडंल असं मला वाटलं व्हतं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं आपली हातातली चरवी वर उचलली, तोंडाजवळ नेली, डोळं मिटून हुंगली. मग म्हणली, "मला तर कळत न्हाय. पर पोर खोटं कशाला बोलंल? तिचं नाक हाय तसं. माझीच चरवी नीट निघाली नसंल." अन् दूध न घालता परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिलिंगचा टेस्टर आला. इशीतला माणूस, पँट गुडघ्यापोतर धुळीनं भरलेली. त्यानं फळीवर स्पिरिटचा दिवा पेटवला अन् प्रत्येकाच्या चरवीतलं दूध नळीत घिऊन येगळं येगळं उकळलं. गयाबाईचं बी उकळलं. कुणाचंच फाटलं न्हाय. बाबूराव म्हणला, "आज भांडं घासून आणलंया की. चोर सांगून सवरून आल्यावर भेटत असतो व्हय?" टेस्टर म्हणला, "भांड्याचा दोष असता तर दूध आंबट झालं असतं. कालचं दूध आंबट नव्हतं. मला तर चिकाची शंका हाय. कुणाची गाय व्यालीया का?"  तात्या लगेच पुढं झाला. "आमचीच व्यालीया साहेब. पर तिचं दूध घरातच हाय, खरवस केलाय तिचा. गावाला इचारा." गावानं मान डोलावली. पहिल्या दोन दिवसाचा खरवस सगळ्यांनी खाल्ला व्हता. टेस्टर माझ्याकडं वळला. "तू वास घेतीस ना? नीट आठवून सांग." त्या माणसानं मला दार उघडून दिलं व्हतं. मी कालचंच परत बोलले. एकदा बोललेलं दुसऱ्यांदा बोलाया काय बी कष्ट पडत न्हाईत.

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना आईनं तात्याला सांगितलं. माझ्यासमोर. त्यानं घास खाली ठिवला. मला वाटलं आता मारंल.  मग म्हणला, "मी साहेबाला भर सभेत सांगितलं. आता माघारी गेलं तर केंद्र जाईल अन् तोंड दाखवाया जागा ऱ्हाणार न्हाय." आई म्हणली, "आवो, पर त्या बाईचं काय?" तो म्हणला, "तिला चार दिवसांनी घेऊ परत." अन् उरलेली भाकरी खाल्ली. मी बी खाल्ली.

ठरलं असं की वास गेल्याचं मी सांगितलं की गयाबाईचं दूध घ्यायचं. ती रोज सकाळी यायची, सगळ्यांच्या मागं उभी राहायची, अन् पाळी आली की चरवी माझ्यापुढं धरायची. "बघ गं, आज गेला का?" पहिल्या दिवशी राखेनं घासून आणली. दुसऱ्या दिवशी चिंच लावून. तिसऱ्या दिवशी तिनं गायीचा हिरवा घास बंद करून नुसता कडबा घातला, म्हणली हिरव्याचा वास येत असंल. चौथ्या दिवशी हात दाखवले, सोड्यानं धुऊन धुऊन कातडं सोलपटलं व्हतं. "माझ्या हाताचा तर न्हाय ना येत?" असं तिनं इचारलं. मी चरवीत नाक घातलं की दूध दिसायचं, त्यात माझं तोंड दिसायचं. दूध रोज चांगलं व्हतं. मी पहिल्याच दिवशी "गेला" म्हणू शकले असते. मला भ्या वाटायचं, इतक्या पटकन गेला म्हणलं तर लोक परत इचार करतील, मग दुसऱ्या कुणाचं व्हतं. म्हणून मी म्हणायची, "थोडा हाय अजून." ती मान हलवायची अन् भरलेली चरवी घिऊन परत जायची.

ह्या वयात मला गुडघे दुखण्यापेक्षा ते 'थोडा हाय अजून' जास्त दुखतं. पहिलं खोटं भ्यानं सुटलं असं म्हणता येतं. ही सगळी मी शांतपणे, नाक लावून, इचार करून बोलले.

पाचव्या दिवशी मी "गेला वास" म्हणले. तोवर उशीर झाला व्हता. बाबूरावानं गावातली घरं फिरून ठरवून टाकलं व्हतं. सकाळी पडवीत दुसरा कॅन ठेवलेला, त्याच्या गळ्याभोवती लाल रंगाचा पट्टा. तात्या म्हणला, "गयाबाई, वस्तीचं दूध आता ह्यात. काय भानगड झाली तर कळाया बरं." ती कॅनाकडं बघत उभी राहिली. माझ्या खोट्याला ती काय बोलली न्हाय, पर ह्याला बोलली. "तात्या, वास माझ्या चरवीला व्हता म्हणला. ऱ्हायलेल्या तीन घरांच्या चरवीला कवा आला?" तात्या म्हणला, "तपासायला सोपं जावं म्हणून." ती म्हणली, "मग बाबूरावाला बी येगळा कॅन द्या. मला बी सोपं जाईल." मागं कुणीतरी हसलं. ती हसली न्हाय. चरवीवर पदर झाकला अन् गेली.

दुपारी मी शेणाची पाटी डोक्यावर घिऊन निघाले अन् उकिरड्याकडं न जाता बौद्धवस्तीकडं वळले. त्या आधी मी तितं कवा गेले न्हवते, दोनशे पावलं असून. ती गोठ्यात गायीच्या अंगावरनं हात फिरवत व्हती. कडब्यानं गाय उतरली व्हती, पोट खपाटीला गेलं व्हतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली लेकीची पुस्तकं नीट रचलेली. म्या म्हणले, "मावशी." आयुष्यात पहिल्यांदा म्हणले, अन् ते बी माझ्या गरजंला. मग सगळं सांगितलं. चरव्या, खरवस, चीक, सगळं. ती ऐकत व्हती, हात गायीवर तसाच. मला वाटलं ती रडंल, न्हायतर मला हाकलंल. ती म्हणली, "म्हंजी माझी चरवी चांगली व्हती."

"व्हय."

"पहिल्या दिवसापासनं?"

"व्हय मावशी."

तिनं आपल्या सोललेल्या हातांकडं बघितलं. मग म्हणली, "मला गोठ्यात सांगून काय उपेग? तू फळीपाशी उभी राहून बोलली व्हतीस. तितं सांग. मी येते उद्या."

दुसऱ्या दिवशी ती आली. चरवी घिऊन, त्याच पहिल्या दिवशीच्या लुगड्यात. पडवी भरली व्हती. मी फळीच्या पुढं आले अन् म्हणले, "त्या दिवशी चीक आमच्या घरचा व्हता. म्या चुकून वतला. गयामावशीच्या चरवीला वास न्हवता. मी खोटं बोलले." माझा आवाज एवढा मोठा निघाला की आत आईची भाकरी थापायची थांबली.

कुणी रागावलं न्हाय. ते तसंच ऱ्हायलं मनात. बाबूराव हसला अन् म्हणला, "पोर मायाळू हाय गं. रोज ती बाई चरवी धरून उभी ऱ्हाती, पोरीचं काळीज किती सोसंल." बाया म्हणल्या, "व्हय की, कोवळं वय." म्हातारी म्हणली, "शकू, दुसऱ्याचा दोष आपल्यावर घिऊ नये बाई." माझ्या नाकावर सगळ्या गावाचा इस्वास व्हता, पर माझ्या तोंडावर कुणाचाच न्हवता. मी तात्याकडं बघितलं. त्याला म्हाईत व्हतं. त्यानं हातातलं माप फळीवर ठिवलं, उचललं, परत ठिवलं. मग म्हणला, "कालपासनं अंगात कणकण हाय तिच्या. चला, नंबरानं या."

गयाबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणली, "तू सांगितलंस. मी ऐकलं." आवाजात राग न्हवता, आभार बी न्हवते. चरवी काखंत घेतली अन् पायऱ्या उतरून गेली. दुसऱ्या दिवसापासनं ती कोसभर चालत डाळजच्या केंद्रावर दूध घालाया जाऊ लागली. तितं एकच कॅन व्हता. उन्हाळ्यात पोचेस्तोवर दूध आंबू नये म्हणून चरवीला ओलं फडकं गुंडाळून न्यायची, असं म्या नंतर ऐकलं. पुढच्या साली बिऱ्हाड अन् गाय घिऊन ती तिकडंच डाळजला आपल्या भावाच्या शेजारी ऱ्हायला गेली. मी तिला परत बघितलं न्हाय. जायला रस्ता व्हता, यष्टी व्हती. मी गेले न्हाय.

वस्तीतल्या बाकीच्या तीन घरांना तेवढं चालणं झेपंना. ती लाल पट्ट्याच्या कॅनात दूध घालाया लागली. तात्या अन् मी त्या गोष्टीवर कवाच बोललो न्हाय, तो मरेस्तोवर. त्यानं मला एकदा बी मारलं न्हाय, शिवी दिली न्हाय. उलट त्या दिवसापासनं जेवताना आपल्या ताटातला घास मला काढून द्याया लागला. मी खायची. आता माझी सून ज्या केंद्रावर दूध घालती तितं नळीत चार थेंब सोडले की मशिन चिठ्ठी काढतं, फॅट किती, पाणी किती. सून म्हणती, मशिनला फसवता येत न्हाय आत्याबाई. मी म्हणते, बरं हाय.

लग्न हुईस्तोवर तीन वरसं मी त्या पडवीत बसले. रोज दोन्ही कॅनांच्या चरव्यांना नाक लावलं, घरच्या बी. एके सकाळी शिवा टेम्पो घिऊन आला. तात्या आत व्हता. म्या त्याला इचारलं, "शिवादादा, ह्यो लाल पट्ट्याचा कॅन चिलिंगला कुठं वततात?"

त्यानं पहिला कॅन टेम्पोत सरकवला अन् हसून म्हणला, "कुठं म्हंजी? टाकीत. तितं काय दोन टाक्या हायत व्हय?"

मी लाल पट्ट्याच्या कॅनाचं झाकण दाबून बसवलं, कडी धरून उचलला अन् त्याच्या हातात दिला.